अजिंक्यतारा रोज चढते, काटा मात्र ७४ वरून हलेना

पायरी_पायरी | ४ मे
मंडळी नमस्कार. वर्षभर इथे नुसती वाचतेय, लिहायची वेळ आली ती रडायलाच.

वय ४३, उंची पाच फूट दोन इंच, नोकरी खुर्चीवरची, मुक्काम सातारा. दिवाळीत ८२ किलो होते. डिसेंबरपासून पहाटे साडेपाचला अजिंक्यतारा धरला. पेठेतल्या आम्ही चौघीजणी. डांबरी रस्त्यानं वर, मंगळाईला नमस्कार, की खाली. घरापासून जाऊन-येऊन साडेसहा किलोमीटर भरतं. रविवार सोडला तर खाडा नाही. फेब्रुवारीअखेर ७५ झाले, मार्चच्या मध्याला ७४. तेव्हा नव्या ब्लाउजची मापंसुद्धा देऊन आले. आणि तिथून पुढे सात आठवडे ७४.२, ७३.९, ७४.४, ७४. संपलं.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी चहा आणि वाटीभर पोहे, डब्याला दोन ज्वारीच्या भाकरी, भाजी, ताक. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. रात्री एक भाकरी, आमटी. गोड जवळजवळ बंद. आमच्या गावात राहून कंदी पेढ्याच्या दुकानावरून मान खाली घालून जाते, यावरून ओळखा. घड्याळ म्हणतं एका फेरीला ६२० कॅलरी जळतात. मग ह्या जातात कुठे?

माणदेशी_गडी | ४ मे
आवं ताई, वजन अडकलंय का काटाच अडकलाय त्ये आदी बघा.

पायरी_पायरी | ४ मे
काटा डिजिटल आहे हो दादा, सेल परवाच बदलला.

घाटातला_पळपुटा | ४ मे
ताई, तुमचा धागा वाचून माझं २०१९ आठवलं. आपल्या हिल मॅरेथॉनसाठी चार महिने तयारी केली. यवतेश्वर घाट आठवड्यातून तीनदा. २१ किलोमीटर पूर्ण केले, गळ्यात पदक, घरी येऊन काट्यावर उभा राहिलो तर तयारी सुरू केली तेव्हापेक्षा दीड किलो जास्त! बायको अजून सांगते सगळ्यांना.

झालं काय होतं, की पळून आलो की मी राजा. पोह्यांवर मूठभर जास्त शेव, वर दुसरी प्लेट. "आज अठरा किलोमीटर झालेत" हे वाक्य मी दिवसातून चार वेळा म्हणायचो, आणि चारही वेळा तोंडात काहीतरी असायचं. दुसरी गोष्ट जास्त लबाड. पळायच्या दिवशी दुपारी मी आडवा व्हायचो. कोपऱ्यावरच्या दुकानात जायला गाडी काढायचो. पोराला म्हणायचो पाणी आण. सकाळी जे कमावलं ते दिवसभर बसून हळूहळू परत दिलं.

तुमचं डिसेंबरच्या आधीचं आणि आत्ताचं दुपारचं रूटीन तेच आहे का, ते बघा.

दोनच_वेळा | ५ मे
इतकी चर्चा कशाला? दीक्षित सरांचं करा. दोन वेळा जेवण, प्रत्येक ५५ मिनिटांत, मध्ये काही नाही, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. माझं सहा महिन्यांत अकरा किलो गेलं. शेंगदाणे-गूळ खाल्लं की दर वेळी अंगातलं इन्सुलिन वाढतं. तिथंच सगळं आलं.

भडंगप्रेमी_सांगली | ५ मे
आला, आला! कुठल्याही धाग्यावर सातव्या प्रतिसादाच्या आत दीक्षित येतात यावर मी पैज लावली होती. हा पाचवा.

(शेंगदाण्याबद्दल वाईट बोलू नका. आमचं भडंग कशावर उभं आहे?)

निवृत्त_मास्तर | ५ मे
चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे घड्याळाचा तो ६२० चा आकडा बघून राहवलं नाही. ताई, वही काढा.

सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर आणि अजिंक्यताऱ्याचा माथा हजार मीटरच्या जरासा वर. म्हणजे चढ धरू अडीचशे मीटर. ७४ किलो अडीचशे मीटर उचलायचे. ७४ गुणिले ९.८ गुणिले २५० म्हणजे साधारण १ लाख ८१ हजार ज्यूल. एक किलोकॅलरी (खाण्याच्या हिशेबात आपण तिलाच कॅलरी म्हणतो) म्हणजे ४१८४ ज्यूल. भागा. उत्तर ४३.

दचकू नका. आपले स्नायू इंजिनासारखेच उधळे. दिलेल्या ऊर्जेतली पाव किंवा त्याहून कमी कामाला येते, बाकीची घामावाटे. म्हणून ४३ च्या चौपट-पाचपट, म्हणजे पावणेदोनशे ते सव्वादोनशे. त्यात साडेसहा किलोमीटर आडव्या चालण्याचे, दर किलोला दर किलोमीटरला अर्धी कॅलरी धरून, २४० मिळवा. झाले सव्वाचारशे-साडेचारशे. बरीच घड्याळं तुम्ही त्या दीड तासात नुसत्या पलंगावर पडून राहिला असता तरी ज्या शंभरेक कॅलरी जळल्या असत्या, त्याही बेरजेत धरतात. उरलेलं त्यांचं औदार्य.

आता हेच गणित ८२ किलोला करा. दर फेरीला चाळीस-पन्नास कॅलरी जास्त येतात. म्हणजे डिसेंबरातली तुम्ही आठ किलोचं पोतं पाठीवर घेऊन गड चढत होता. पोतं उतरलं, मजुरी कमी झाली. गड तोच आहे, हमाल हलका झालाय.

माणदेशी_गडी | ५ मे
मास्तर, तुमी आमाला शिकवाया असता तर आमी बी पास झालो असतो.

वाईची_सून | ५ मे
मास्तरांचा प्रतिसाद वाचनखुणेत. त्यावरून एक सुचलं. ते पोतं परत पाठीवर घ्यायचं. मी मेणवलीच्या रस्त्यानं चालायचे तेव्हा पिशवीत दोन लिटरच्या दोन बाटल्या भरून घ्यायचे. अर्थात गुडघे धड असतील तरच, आणि उतरताना बाटल्या ओतून टाकायच्या. उतारावर गुडघ्यांना ते ओझं नको.

आणखी एक. पायरीताई, तुम्ही वजन वरचेवर करता असं दिसतं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात माझं दीड किलोपर्यंत वाढतं आणि नंतर आपोआप उतरतं. ते पाणी असतं. मी आता एका महिन्याच्या दहा तारखेची तुलना दुसऱ्या महिन्याच्या दहा तारखेशी करतच नाही, पाळीच्या पाचव्या दिवसाची पाचव्या दिवसाशी करते. एवढ्यानं निम्मं रडणं थांबलं.

कृष्णा_कोयना | ६ मे
कराडला दवाखाना आहे, त्यामुळे रात्री उशिरा लिहितोय. बऱ्याच गोष्टी वर आल्याच आहेत, काही भर घालतो.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जे भराभर उतरतं त्यात चरबी कमी आणि पाणी जास्त. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे शरीरानं राखून ठेवलेली साखर, साठवलेलं असतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी. खाणं कमी केलं की तो साठा घटतो, पाणी निघून जातं, काटा टाळ्या वाजवतो. त्या वेगाची सवय लागते आणि खरा वेग आला की वाटतं गाडी बंद पडली.

मग शरीर स्वतःच काटकसरीला लागतं. अमेरिकेतल्या केव्हिन हॉल यांच्या गटानं मांडलेला हिशेब मला रुग्णांना समजावताना फार उपयोगी पडतो. दर किलो वजन घटल्यामागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी उतरतो आणि भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. ताई, तुमचे आठ किलो गेले. म्हणजे खर्च दीडशे ते अडीचशेनं कमी आणि भूक आठशेनं जास्त. ही भूक पोटात कावळे ओरडतात तशी कळत नाही. भाजी वाढताना पळी जरा खोल जाते, एवढंच.

व्यायाम वाढवत नेला की खर्च त्याच प्रमाणात वाढतो असंही नाही. हर्मन पाँट्झर यांनी टांझानियातल्या हाद्झा या शिकारी-कंदमुळं गोळा करणाऱ्या लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला. २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. दिवसभर रानात फिरणारी ती माणसं, पण शरीराच्या आकाराचा हिशेब धरला तर खर्च खुर्चीवरच्या पाश्चात्त्य माणसाइतकाच. शरीर इतर खात्यांतून पैसे वळवतं. म्हणून "अजून एक फेरी मारते" हा उपाय मी सांगणार नाही. पळपुटेसाहेबांनी स्वतःच्या दुपारचं जे वर्णन केलंय ते त्यातलंच एक खातं.

आता न आवडणारा भाग. १९९२ मध्ये एका अभ्यासात अशी माणसं घेतली जी शपथेवर सांगायची की १२०० कॅलरीच खातो, तरी उतरत नाही. नीट मोजल्यावर दिसलं, त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. चयापचय मात्र ठणठणीत. ही माणसं खोटारडी नव्हती. आपण ताटातलं मोजतो, कढईतलं मोजत नाही.

तरीही ४३ व्या वर्षी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि तीन महिन्यांची सरासरी साखर एकदा बघून घ्या. थायरॉइड, पाळी अनियमित होणं, स्टेरॉइड किंवा मानसिक आजारांवरची काही औषधं यांनीही वजन अडतं. तुमच्या डॉक्टरांना भेटा, माझ्या प्रतिसादाला प्रिस्क्रिप्शन समजू नका. आणि कमरेचं माप घ्या. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत असावं असं धरतात. काट्याला पाणी आणि चरबी यांतला फरक कळत नाही, टेपला थोडाफार कळतो.

दीक्षित पद्धतीबद्दल: मधलं चरणं ज्यांचं खूप होतं, त्यांना दोन वेळांनी फायदा झालेला मी पाहिलाय. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र विचारल्याशिवाय सुरू करू नका, साखर एकदम खाली जाते.

दोनच_वेळा | ६ मे
डॉक्टर, "मधलं चरणं" हा शब्द लागला. पण खरं आहे. मी दिवसातून सहा वेळा चहा-बिस्किट खायचो.

पायरी_पायरी | ६ मे
कृष्णा_कोयना, तुमचा प्रतिसाद वाचून आधी राग आला. खरं सांगते. मग उठून स्वयंपाकघरात गेले, दिवाळीच्या मापासाठी आणलेला छोटा वजनकाटा काढला आणि "मूठभर" शेंगदाणे त्यावर ओतले. ५२ ग्रॅम. मूठ उघडी ठेवून, वर टेकाड करून घ्यायची सवय आहे, ती कुणाला सांगायची! शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी, म्हणजे मुठीतच तीनशेच्या घरात. गुळाचे वेगळे. गड चढून उतरून जे मिळवलं त्यातलं निम्म्याहून जास्त संध्याकाळी सहा वाजता टीव्हीसमोर.

मास्तर, तुमची वही चालू ठेवलीय.

भडंगप्रेमी_सांगली | ६ मे
मी हा धागा वाचायचं सोडतोय.

निवृत्त_मास्तर | ७ मे
ताई, ताट मोजू नका. रोज मोजत बसलं की आठवड्यात कंटाळा येतो आणि माणूस वहीशीही खोटं बोलतो. घरात येणारा माल मोजा. तेलाचा कॅन उघडला त्या दिवशी त्यावर तारीख लिहा, संपला त्या दिवशी तारीख लिहा. घरातल्या माणसांनी भागा. कॅन खोटं बोलत नाही.

वाईची_सून | ७ मे
आणि कुटाची बरणी! आपल्याकडे भरली वांगी कुटात, काकडीची कोशिंबीर कुटात, उपासाची भाजी कुटात. कुणी विचारलं शेंगदाणे किती खाता, तर आपण म्हणतो "छे, खातच नाही."

पायरी_पायरी | ९ मे
कॅनचा हिशेब झाला, कारण वाण्याच्या वहीत तारखा होत्या. पाच लिटर, घरात तीन माणसं, बरोबर तीस दिवस. माणशी दिवसाला ५० ग्रॅम तेल. आणि परवा डॉक्टरांकडे गेले होते तिथल्या भिंतीवर राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२४ चा ताटाचा तक्ता होता, त्यात दिवसभराचं तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. जवळजवळ दुप्पट! तळण तर आमच्याकडे सणालाच होतं. मग जातं कुठे म्हणून दोन दिवस सासूबाईंच्या शेजारी उभी राहिले. फोडणीला त्या कॅनमधून सरळ ओततात. धार किती वेळ धरायची ते त्यांच्या मनावर. भाजीला एक धार, आमटीला एक, चटणीवर कच्चं तेल वेगळं.

काही बोलले नाही. जुनी तेलाची किटली घासून काढली, तिच्यात रोजचं तेल मापून ठेवते, आणि कॅन वरच्या फळीवर. दुसऱ्या दिवशी विचारलंच, "कॅन कुठाय गं?" म्हटलं, खाली झुरळं झालीत.

घाटातला_पळपुटा | ९ मे
झुरळं!! मानलं.

दुपारचं काय निघालं?

पायरी_पायरी | ९ मे
ते विसरलेच. डिसेंबरच्या आधी मी ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत घरी चालत यायचे आणि परत जायचे. पहाट सुरू झाल्यापासून डबा नेते आणि जेवून टेबलावर डोकं ठेवते. भाजीला राजवाड्यापर्यंतसुद्धा स्कूटी. घड्याळात रोजची पावलं पाहिली, गडाची सोडली तर बाकी दिवसभरात दोन हजार. झोप म्हणाल तर साडेअकरा ते पाच.

कृष्णा_कोयना | १० मे
झोपेचं आधी बघा. कमी झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जास्त खावंसं वाटतं, हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. गडाची वेळ अर्धा तास पुढे ढकला, मे महिन्यात सहालाही छान उजेड असतो. आठवड्यातले दोन दिवस गडाऐवजी घरी स्नायूंचा व्यायाम करा. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासूनच्या मार्गदर्शिकेत तेच सांगते, चालणं वेगळं आणि आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचं वेगळं. आणि स्नायूंना प्रथिनं लागतात, म्हणून त्या आमटीत डाळ किती असते ते विचारायचं धाडस करा.

वाईची_सून | १० मे
उठाबशा खुर्चीवरून सुरू करा, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या कळशा. जिमच लागते असं काही नाही. मी एका जिममध्ये गेले होते तर तिसऱ्याच दिवशी प्रशिक्षकानं साडेचार हजारांचा पावडरीचा डबा पुढे केला. "चरबी वितळते मॅडम." मी म्हटलं तुपासारखी का? डबा नाही घेतला, जिमचे तीन महिन्यांचे पैसे मात्र गेले.

खाण्यात मोड आलेली मटकी, वाघ्या घेवडा, अंडी चालत असतील तर अंडी. कोरेगावचा घेवडा आपल्याच जिल्ह्यातला, आणि रश्शाला तेल कमी घातलं तरी चव जात नाही.

माणदेशी_गडी | १० मे
ताई, काटा कुटं ठेवलाय त्ये सांगा की. मी इचारतोय त्याला कोन उत्तरच देईना.

पायरी_पायरी | ११ मे
दादा, तुमच्या समाधानासाठी आत्ता बघितलं. न्हाणीघराबाहेर शहाबादी फरशीवर आहे. तीच फरशी एका कोपऱ्यात जराशी दबलेली. तिथून उचलून हॉलमधल्या सपाट टाइलवर ठेवला तर ७३.४. परत शहाबादीवर ७४.१. तीन वेळा केलं. सातशे ग्रॅम फरशीचे!

माणदेशी_गडी | ११ मे
😌

पायरी_पायरी | १ जून
तीन आठवड्यांचा अहवाल. टीएसएच व्यवस्थित, साखर काठावर, तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले. गड आता चार दिवस, सहा वाजता. दोन दिवस कळशा. शेंगदाणे मोजून पंधरा ग्रॅम, लहान वाटी ठरलीय. डबा नेते पण जेवल्यावर पोवई नाक्यापर्यंत चक्कर. पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या भरून आल्या की वजन ७४.३ झालं (टाइलवर!). वाईच्या ताईंना मेसेज करून रडले, त्या म्हणाल्या दुखऱ्या स्नायूंत पाणी धरतं, टेप घे. कंबर ९६ होती, ९४ भरली. आज काटा ७३.

आंबे खाल्ले. रोज एक. त्यावर कुणी बोलायचं नाही.

दोनच_वेळा | १ जून
आंबा जेवणातच घ्या, जेवणानंतर दोन तासांनी नाही. एवढंच बोलतो.

पायरी_पायरी | २९ जून
माउलींची पालखी जिल्ह्यात आली म्हणून सुट्टी टाकून लोणंदला गेले. लोणंद ते तरडगाव चालले, वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण पाहिलं. घोडा धावला तेव्हा अंगावर काटा आला, त्याचं वजन करता येत नाही. वाटेत कुणीतरी पिठलं-भाकरी दिली, ताक दिलं, कुणी शेंगदाण्याचा लाडू हातावर ठेवला. सगळं खाल्लं.

घरी आले, दुसऱ्या दिवशी सकाळी ७३.६. चार दिवसांपूर्वी ७२.१ होतं. मार्चमधली मी असते तर त्या दिवशी जेवले नसते. पाय सुजले होते, पिठल्यात मीठ बक्कळ होतं, पाळी जवळ आलीय. वहीत नुसतं "वारी" लिहिलं आणि पोहे टाकले. किटलीतल्या तेलात.

आज ७१.९. कंबर ९१.

निवृत्त_मास्तर | २९ जून
गडाचं गणित आता ७२ किलोनं पुन्हा करावं लागेल. फेरीमागे आणखी दहा-बारा कॅलरी गेल्या. पुढचा मुक्काम सत्तरच्या आसपास लागेल असं वाटतं. वही जपून ठेवा.

सासूबाईंना कॅन सापडला का?

पायरी_पायरी | २९ जून
सापडला. त्या काही बोलल्या नाहीत. आता त्याही किटलीतूनच ओततात, फक्त किटली दिवसातून दोनदा भरतात.